कोपऱ्यातले ठिपके

राघवने माझा कोड तिसऱ्यांदा परत पाठवला तेव्हा मी जयपूरच्या ऑफिसात डबा खात होते. जेवणावरची वासनाच उडाली.

आम्ही दोघं फावल्या वेळात, फुकट, एक सॉफ्टवेअर चालवतो. जुन्या छापील कापडाचा फोटो दिला की ते लाकडी ठसा कोरण्यासाठी स्वच्छ आराखडा काढून देतं. पण पुण्यात बसलेल्या राघवचा कोड कोपऱ्यातले बारीक ठिपकेही धूळ समजून पुसतो. माझा कोड ते राखतो.

"टेस्टशिवाय काही जोडायचं नाही, कौमुदी. नियम तुझाच आहे," त्याने लिहिलं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये कोड जोडायचं बटण माझ्याकडेही आहे. दाबलं नाही. नियम खरंच माझा होता.

मी दोन्ही कोडनी काढलेल्या आराखड्यांचे ठसे कोरून घेतले आणि शनिवारी जयपूरजवळचं बगरू गाव गाठलं. छपाई करणाऱ्या कजोडजींनी राघवचा ठसा उलटसुलट करून पाहिला.

"बेटी, याचे ठिपके कुठे गेले? पुढचा ठसा कशाला जुळवू?"

"तरी छापाच," मी म्हटलं.

माझ्या ठशाची वेल सरळ गेली. राघवच्या ठशाची वेल दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात गेली. दोन्ही एकाच कापडावर होत्या. ते मी पुण्याला कुरिअर केलं.

बुधवारी राघवचा फोन आला. "हे कापड कसलं?"

"तू मागितलेली टेस्ट. तुझा कोड नापास झालाय. आता माझा जोड."