पुसट चित्राचा ठपका

"ह्या डब्याचं चित्र परत पुसट झालं," जयरामकाका पुटपुटले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. वसईतल्या एका फुलवाडीच्या घरात टीव्हीखाली बसलेला जुना गेम कन्सोल. आणि चित्र माझं पुसट झालेलं नव्हतं.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. बारा वर्षांपूर्वी जयरामकाकांचा मुलगा कुशल दहावी पास झाला, म्हणून मला इथे आणलं. आणलं कुशलसाठी, पण मोटारींच्या शर्यतीचं वेड लागलं ते त्याच्या वडिलांना. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, टोपली फुलबाजाराला पाठवायची आणि दुपारी जेवून माझ्यासमोर मांडी घालायची. शेजारचा फ्लॉईड ओरडायचा, "काका, रस्ता सोडून गाडी वाडीत कुठे घालता?" काका जिंकले की मला फडक्याने पुसायचे. असे लाड घरातल्या पंख्याचेही होत नसत.

पुढे कुशल नोकरीला लागला, फोनवर खेळू लागला. माझ्यावर धूळ बसली, पण काकांची दुपार चुकली नाही. या वर्षी मात्र त्यांची गाडी सरळ रस्त्यावरही कठड्याला धडकू लागली.

"पप्पा, ह्याला फोर के नाही ना," कुशल म्हणाला. "चौपट ठिपके असतात त्यात. चित्र कसं कडक दिसतं!"

"खेळ चांगला असला तर ठिपके कोण मोजतंय?" फ्लॉईड म्हणाला.

मलाही तेच वाटत होतं. माझे ठिपके पहिल्या दिवशी होते तेवढेच होते. पण दोष डब्याचा म्हटलं की सगळ्यांचं भागत होतं.

कारण टोपलीत वेगळंच दिसत होतं. मोगऱ्याची पांढरी, टपोरी कळी आज खुडायची आणि हिरवट कळी उद्यासाठी झाडावर राहू द्यायची. चाळीस वर्षांचा सराव काकांचा, तरी हल्ली टोपलीत हिरव्या कळ्या येत. सत्यवतीकाकू पाठमोऱ्या बसून त्या मुकाट्याने वेचत आणि पदराखाली लपवत. कुशलने एकदा ते पाहिलं आणि लगेच चपला शोधायला लागला.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा, एवढं मागणं आहेच. पण वस्तूला बोल लावण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाकडेही जरा नीट बघा. वस्तू दुकानात बदलून मिळते.

गेल्या रविवारी नवा कन्सोल आला, सोबत मोठा टीव्हीही. मला कपाटावर चढवलं. तिथून पाहिलं तर गवताची पाती मोजून घ्यावीत असं चित्र! मी जळलो, खोटं कशाला बोलू? काका मात्र इतके पुढे सरकले की नाक काचेला लागायचं बाकी राहिलं.

"कसं दिसतंय, पप्पा?"

"बरं आहे." काकांनी डोळे चोळले. "पण ह्याचंही जरा पुसटच आहे रे. वायर बदलून बघ."

कुशल खरोखरच वायर शोधायला उठला. फ्लॉईड छताकडे बघत राहिला.

"बस खाली, कुशल," सत्यवतीकाकू म्हणाल्या. मग त्या काकांच्या शेजारी जाऊन बसल्या, त्यांच्या हातावर हात ठेवला.

"अहो, वायर चांगली आहे. तुम्हाला दिसत नाय."