प्रागला जायचं होतं म्हणून

प्रागला जायचं हे खूळ चारुदत्तचं. अनुपमाला विचारलं असतं तर तिला दरवर्षीसारखं कराडला माहेरी जायचं होतं, आंबे खायचे होते आणि आईच्या हातचं आयतं जेवून दुपारी ताणून द्यायची होती. पण दोन हजार नऊ साल उजाडलं आणि दुबईची सगळी तऱ्हाच बदलली. जुमेरा लेक टॉवर्समधल्या चारुदत्तच्या ऑफिसात दर रविवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, एचआरची बाई कुणाला तरी आत बोलवायची आणि सोमवारी त्या माणसाची खुर्ची रिकामी. बांधकामाच्या मालाचा आणि खर्चाचा हिशेब करणारे त्याच्यासारखे सहा क्वांटिटी सर्व्हेअर होते, त्यांचे तीन उरले. उरलेल्यांना कंपनीने सांगून टाकलं, जूनमध्ये पंधरा दिवस बिनपगारी रजा घ्यायचीच.

अशा वेळी शहाणा माणूस गप घरी बसतो. हा म्हणाला, “अनु, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नसू, कोण जाणे. इथून प्राग सहा तासांवर आहे. एकदा पुण्याला परत गेलो की कसलं युरोप आणि कसलं काय. ओवीला एकदा दाखवून आणू.”

ओवी त्यांची लेक, अकरा वर्षांची, जन्म शारजाचा. मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीत. तिने प्रागचा पूल, प्रागचा किल्ला, असले फोटो प्रिंट करून शारजाच्या फ्लॅटची एक भिंत भरून टाकली. मग अनुपमाही हो म्हणाली. तिने वडिलांना, आप्पांना, फोन केला तेव्हा ते म्हणाले, “जा की. कराड कुठे पळून जातंय.”

पण जाणं म्हणजे व्हिसा आला. कंपनीचं नाहरकत पत्र मिळवायला चारुदत्तने एचआरकडे चार खेपा घातल्या. अबुधाबीच्या झेक वकिलातीत तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, एप्रिलातल्या एका बुधवारची. तिघांचे पासपोर्ट चारुदत्तच्या फायलीत होते. आखातात घर चालतं ते असंच. बायको-मुलं नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणून सगळ्यांची कागदपत्रं नवऱ्याच्या कपाटात. सोळा वर्षांत अनुपमाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बुधवारी पहाटे तिघं शारजाहून निघाली. अनुपमाने खिडकीशी उभं राहून फॉर्मवर सही केली, आपला चोरासारखा आलेला फोटो बघून हसली, आणि येताना रस्त्यात गाडी थांबवून तिघांनी चहा प्यायला. चारुदत्तचा मोबाइल त्या दिवशी बंद होता. वकिलातीत बंद करायला लावतात, तो म्हणाला. चहाच्या टपरीवर तर कुणी लावत नव्हतं. पण एवढं कोण बघतं.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला तो ऑफिसातून आला, बूटही न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, “अनु, शार्दूलदादाचा फोन होता. आप्पांना दवाखान्यात ठेवलंय. छातीत कफ झालाय म्हणे.”

तिने उभ्या उभ्या भावाला फोन लावला. शार्दूलदादा म्हणाला, “सुचलं का तुला.” तिला वाटलं, जागरणं झाली असतील, वैतागलाय बिचारा.

“आप्पांना दे ना फोन.”

“तोंडावर ऑक्सिजन आहे त्यांच्या. तू कधी येतेस ते सांग.”

“अरे, पासपोर्ट वकिलातीत अडकलाय. शुक्रवार-शनिवार बंद असते. रविवारी उघडली की...”

दादाने फोन ठेवून दिला. नीट ठेवलाही नाही, आपटला.

शुक्रवारी सकाळी ती एकटी टॅक्सी करून अबुधाबीला गेली. बंद असणार हे माहीत असून गेली, कारण घरात बसवेना. फाटकावर याकूब नावाचा पेशावरकडचा रखवालदार होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, स्वतःची खुर्ची तिला दिली, पाण्याची बाटली दिली आणि ताई म्हणावं तसं म्हणाला, “बाजी, संडे को आना. आज जुम्मा है, अंदर कोई नहीं. खलास.” ती दोन तास त्या खुर्चीवर बसून राहिली. त्याने एकदाही ऊठ म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी आप्पा गेले.

रविवारी खिडकी उघडली तेव्हा तीच पहिली होती. आतल्या बाईने एक कागद पुढे सरकवला, सही घेतली आणि दहा मिनिटांत पासपोर्ट हातात दिला. म्हणाली, कामाच्या वेळेत कधीही आलात तरी देतो, मॅडम. अनुपमाच्या डोक्यात तेव्हा ते शिरलंही नाही.

सोमवारी ती कराडला पोचली तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. दादाचं डोकं तासलेलं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला. आईच्या गळ्यात पडायला गेली तर आई काठीसारखी ताठ उभी. पुढचे सगळे दिवस असेच गेले. पंगत बसली की वहिनी वाढायची, पण “जेव” असं म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. दुःखाने माणसं गप्प होतात, असं अनुपमाने स्वतःला समजावलं. निघायच्या दिवशी आईने एकच विचारलं, “प्रागला कधी निघताय?” ते विचारणं तिला कुठेतरी लागलं, पण का लागलं ते कळलं नाही.

परत आल्यावर ती प्रागला जायला तयार नव्हती. चारुदत्त मागेच लागला. पत्र मिळालंय, तिकिटं काढलीत, रजा तशीही घ्यायचीच आहे, पोरीचा चेहरा बघ. शेवटी ती म्हणाली, “कर काय करायचं ते.” पासपोर्ट पुन्हा वकिलातीत गेला, व्हिसा चिकटून आला आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिघं प्रागला उतरली.

शहर सुंदर होतं, त्यात वाद नाही. दगडी रस्ते, उतरती लाल छपरं, नदीवर जुना पूल आणि पुलावर दोन्ही बाजूंनी दगडी पुतळे. चारुदत्तने हँडीकॅम डोळ्याला लावला तो रात्रीच खाली ठेवायचा. पाण्याची बाटली घेतानासुद्धा तिथल्या कोरुनाचे दिरहॅम आणि दिरहॅमचे रुपये मोठ्याने करायचा. अनुपमा मागे मागे चालायची. दर दोन दिवसांनी दादाला फोन लावायची. तो उचलायचा नाही. आई उचलायची आणि हं, बरं, ठेवते, एवढंच.

तिसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आधी ती जुन्या चौकात उभी होती. तिथल्या बुरुजावर काहीशे वर्षांचं घड्याळ आहे. तास झाला की वरच्या झरोक्यांतून लाकडी संत फिरून जातात. ते बघायला जगभरातले लोक माना वर करून ताटकळतात. चारुदत्तने कॅमेरा ओवीवर धरला.

“ओवी, इकडे बघ. आजीला सीडी पाठवू आपण. म्हण, आजी, आम्ही प्रागला आलो.”

“आईला कसली सीडी पाठवतोस,” अनुपमा म्हणाली. “ती माझ्याशी धड बोलत नाही, दादा फोन घेत नाही. मी काय पाप केलंय तेच कळेना. गुरुवारी संध्याकाळी कळलं आणि शुक्रवारी सकाळी मी त्या फाटकावर जाऊन बसले. आणखी काय करायचं होतं मी?”

ओवी कॅमेऱ्याकडे बघत होती. ती म्हणाली, “बट मामा कॉल्ड ऑन ट्यूजडे.”

चारुदत्तने कॅमेरा खाली घेतला.

“कुठल्या ट्यूजडेला?” अनुपमाने विचारलं.

“द डे बिफोर व्हिसा. यू वेअर टीचिंग युअर मराठी क्लास. मामा वॉज क्राइंग. आय गेव्ह द फोन टू बाबा.” तिने बाबांकडे पाहिलं. “बाबा सेड, डोन्ट टेल आई, शी विल कॅन्सल प्राग. अँड आय वॉन्टेड प्राग. सो आय डिडन्ट टेल यू.”

अनुपमाच्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्याने खोटं बोलावं ते बोलावं, वर पोटच्या पोरीला त्यात ओढावं. अडीच महिने ही पोर ते मनात ठेवून जेवत होती, शाळेत जात होती, भिंतीवरचे फोटो बघत होती. तिने आधी ओवीला जवळ घेतलं. “तुझी काही चूक नाही. ऐकलंस? काही चूक नाही.” मग नवऱ्याकडे वळली.

“दादाला काय सांगितलंस मंगळवारी?”

“अनु, इथे नको. लोक बघतायत.”

“बघू देत. यातल्या एकालाही मराठी येत नाही. काय सांगितलंस?”

“हेच की... व्हिसाचं एक दिवसाचं काम आहे, ते झालं की अनु निघेल. तोवर काही असलं तर फोन मलाच करा.”

“म्हणजे दादाला वाटलं मला माहीत आहे. मला माहीत असून मी बुधवारी पासपोर्ट दिला. बाप दवाखान्यात आणि मी हसत हसत सही करतेय.”

चारुदत्त कॅमेऱ्याचं झाकण लावत राहिला.

“आणि नंतर दादाचा फोन आला नाही?”

“बुधवारी रात्री आला. मी म्हटलं, पासपोर्ट आता आत गेलाय, मिळाला की येईल.” तो जमिनीकडे बघून बोलत होता. “अगं, डॉक्टर म्हणत होते कफ आहे, उतरेल. ती तारीख गेली असती तर पुन्हा मिळाली नसती. एचआरने दुसऱ्यांदा पत्र दिलं नसतं. दर रविवारी मी ऑफिसात जातो तेव्हा वाटतं, आज माझाच नंबर, अनु. वाटलं, नोकरी जायच्या आधी तुम्हाला एक तरी गोष्ट चांगली द्यावी.”

“मला द्यावी? मला?” तिचा आवाज चढला तशी शेजारची दोन माणसं सरकून उभी राहिली. “मंगळवारी रात्रीचं विमान होतं. बुधवारी दुपारी मी कराडात असते. ते जाऊ दे. गुरुवारी सकाळीसुद्धा ती खिडकी उघडी होती. एक सही केली की दहा मिनिटांत पासपोर्ट देतात. तू गुरुवारी मला कधी सांगितलंस? साडेपाचला. वकिलात बंद झाल्यावर.”

“परत देतात हे मला ठाऊक नव्हतं.”

“विचारलं होतंस?”

त्याने विचारलं नव्हतं. तेवढ्यात बारा वाजले, वरचे झरोके उघडले आणि चौकातल्या सगळ्यांनी एकदम हात वर करून कॅमेरे धरले. या दोघांनी वर पाहिलं नाही.

अनुपमाने मोबाइल काढला, कराडचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्या छातीशी धरला. “सांग.”

“अनु...”

“सांग म्हटलं ना.”

पलीकडून आईचा आवाज आला. “हॅलो.”

“आई, मी चारुदत्त.”

“बोला चारुदत्तराव.”

“आई, तो मंगळवारचा फोन... शार्दूलदादांचा... तो मी अनुला सांगितला नव्हता. तिला काहीच माहीत नव्हतं. मी तिला गुरुवारी संध्याकाळी सांगितलं. व्हिसाची तारीख होती म्हणून.”

 आई म्हणाली, “अनू आहे का तिथे?”

“आहे, आई. ऐकतेय.”

“तुला माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“आणि मी इतके दिवस तुला जेव म्हटलं नाही गं.” आईचा आवाज फुटला. “शुक्रवारी ते तोंडावरचं काढून सारखं विचारत होते, अनू कुठवर आली. तू येत नाहीस हे मला ठाऊक होतं. पण मी म्हटलं, साताऱ्याहून निघाली.”

आप्पा तीस वर्षं एसटीच्या कराड डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठून किती वेळात येते, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं.

“ते म्हणाले, म्हणजे सव्वा तास,” आई सांगत होती. “आणि दाराकडे बघत पडून राहिले. बरोबर सव्वा तासाने परत विचारलं. मी म्हटलं, टायर पंक्चर झालाय. मग त्यांनी तोंडावर ते परत लावून घेतलं आणि भिंतीकडे वळले. पुन्हा काही विचारलं नाही.”

अनुपमाने स्पीकर बंद केला. आईशी दोन शब्द बोलली, दादाला सांग म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. चारुदत्त रडत होता. त्याने तिच्या दंडाला हात लावायला हात पुढे केला, तिने दंड मागे घेतला.

“हॉटेलची किल्ली दे,” ती म्हणाली. “आणि आमचे दोघींचे पासपोर्ट.”

त्याने कंबरेच्या पाकिटातून काढून दिले.

“आता इथेच थांब. इथून हलायचं नाही. आम्ही सव्वा तासात येतो.”

“नक्की येशील ना?”

तिने ओवीचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत चालू लागली. पोरीने दोनदा मागे वळून पाहिलं, बाबा तिथेच उभे होते, कॅमेरा गळ्यात लोंबत होता. सव्वा तास उलटून गेला, दोन वाजत आले तसे पुन्हा घड्याळाखाली नवे लोक जमले आणि तो त्यांच्यात उभा राहून चौकात येणारा एकेक रस्ता बघत होता. तोवर या दोघी विमानतळाच्या बसमध्ये बसून शहराबाहेर पडल्या होत्या.