वाढीचा दशमांश

दबोराबाईंनी आयुष्यभर शिरूरच्या मुलींच्या बोर्डिंगात दुसऱ्यांच्या लेकींच्या वेण्या घातल्या, उवा मारल्या, तापात त्यांच्या उशाशी बसून रात्री काढल्या. स्वतःचं मूल नव्हतं. नवरा अब्राहाम तरणाताठा गेला. राहायला बोर्डिंगच्या आवारातली एक खोली, तीही नोकरी असेपर्यंतच. सहासष्ट सालच्या नाताळाला नोकरी संपणार होती. तरी बाईंना घोर नव्हता, कारण ट्रंकेत, बायबलखाली, पोस्टाची बचतपत्रं होती.

ती घेतली चोपन्न साली. त्या वर्षी पाबळ रस्त्याचे बागायतदार सोपानराव स्वतः बोर्डिंगात आले होते. त्यांच्या आजारी लेकीला बाईंनी जगवलं होतं, त्याची जाण ठेवून म्हणाले, "बाई, रस्त्याकडंची दोन गुंठं जागा तुमास्नी देतो. चारशे द्या. उरल्या पैशात भिती उभ्या करू."

बाईंजवळ पाचशे होते. पण त्याच रविवारी पाळकांनी चर्चमध्ये दृष्टांत सांगितला, की धन्याचा पैसा न वाढवता तसाच पुरून ठेवणाऱ्या चाकराची कशी गत झाली. आणि सोमवारी कचेरीतले साहेब बचतीवर भाषण करून गेले: शंभराचे बारा वर्षांत दीडशे, शिवाय देशाला धरणं. देव आणि सरकार दोघंही एकच सांगतात म्हटल्यावर बाईंची काय बिशाद! त्यांनी पाचशेची पत्रं घेतली आणि देवाला शब्द दिला, की जी वाढ होईल तिचा दशमांश तुझा. भाबडेपणा म्हणा हवं तर. असली निर्मळ माणसंच या जगात आधी नागवली जातात.

मग आणे गेले, नवे पैसे आले. शेर गेला, किलो आला. रेशनच्या रांगेत बाईंची निम्मी सकाळ जाऊ लागली. पण आपला पैसा तिकडे वाढतोय, या समाधानावर त्या बिनसाखरेचा चहासुद्धा हसत प्यायल्या.

मुदत भरली. पोस्टातून साडेसातशे रुपये घेऊन त्या तडक सोपानरावांकडे गेल्या. सोपानराव ओशाळले.

"बाई, रस्ता सुधारला, यष्टी दाराम्होरं थांबती. लोकं आता दोन हजार द्याया बसल्यात. तुमास्नी म्हनून अठराशे."

"पर माजं पैसं वाढलं की, सोपानराव."

"वाढलं, न्हाई कोन म्हनतंय? पर बाकी समदं त्येच्या म्होरं पळालं."

चर्चमागे निराधार विधवांसाठी एक खोली होती, ती नुकतीच रिकामी झाली होती. जन्मात कुणापुढे हात न पसरलेल्या बाई पाळक विल्यमसाहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"रविवारी सणाची उपासना झाली की चर्चचे पंच ठरवतील," साहेब म्हणाले. "पण बाई, तुमच्याशिवाय खोली देणार कोणाला?"

तो रविवार उपकारस्तुतीच्या सणाचा. लोक आपल्या पिकातलं पहिलं काहीबाही आणून वेदीपुढे ठेवत, उपासनेनंतर त्याचा लिलाव होई, आणि पैशाची पाकिटं नाव आणि कारण मोठ्यानं वाचून स्वीकारली जात. सकाळी पाकीट हातात घेऊन बाई बराच वेळ बसल्या. वाढ झालीच कुठं? पण पोस्टानं अडीचशे जास्त दिले, ते नाही कसं म्हणायचं? देवाशी महागाईचा वाद घालायचा? त्यांनी पंचवीस रुपये आत घातले.

लिलावात त्यांच्या दारचा भोपळा सव्वा रुपयाला गेला. चोपन्न साली तेवढाच भोपळा चार आण्याला गेला होता. "बाई, तुमच्या येलाला सोनं लागलं!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. बाईंना एकदम सगळं समजलं. भोपळा तेवढाच होता, रुपया बारीक झाला होता.

मग पाकिटं वाचली गेली. "दबोराबाई, पंचवीस रुपये. देवानं दिलेल्या वाढीचा दशमांश." चर्चमध्ये कुजबूज झाली. माना वळल्या. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

पंच आतल्या खोलीत बसले आणि अर्ध्या तासानं बाहेर आले. खोली साखरबाईला दिली होती. साखरबाईही विधवाच, दळणं दळून पोट भरायची, तिला काय बोलणार?

"मनाला लावून घेऊ नका, बाई," विल्यमसाहेब प्रेमानं म्हणाले. "तुम्हाला देवानं भरपूर दिलंय. आज तर सगळ्या मंडळीनं ऐकलं."

"व्हय," बाई म्हणाल्या. "दिलंय खरं."

पंचवीस रुपये परत मागावेत, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच त्यांना लाज वाटली. खोलीवर येऊन त्यांनी ट्रंक आवरायला काढली; नाताळला ही खोली सोडायचीच होती. कपडे भरले, बायबल वर ठेवलं, कडी लावली. आता कुठं जायचं, तेवढं मात्र सुचेना.