अठ्ठावीस मिलिमीटर

"जंतू म्हणजे जंतू. विषय संपला," असं म्हणत डॉक्टरांनी माझा रिपोर्ट टेबलावर टाकला आणि पेनाला टोपण लावलं.

बावीस वर्षं मी याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवते. लोक कुंडीत रोपं वाढवतात, मी काचेच्या बशीत हे. आमचा रिपोर्ट दोन पानांचा. रक्तात जंतू सापडले की पहिलं पान लगेच जातं. ते कोणत्या औषधाने मरतात हे दुसऱ्या दिवशी कळतं, ते दुसरं पान. पहिल्या पानावर सगळे धावत सुटतात. दुसऱ्याची वाट बघायला कुणाला सवड नसते, हा माझा जुना राग.

आयसीयूत एक रंगारी होता. शिडीवरून पडला, मेंदू कायमचा गेला. बायकोने आपणहून त्याच्या किडन्या द्यायचं ठरवलं. आणि शनिवारी सकाळी त्याच्या रक्तात जंतू निघाले. मी डॉक्टरांना सांगितलं, त्याला दोन दिवस अँटिबायोटिक चालू आहे. ते लागू पडत असेल तर किडनी घेता येते, ज्याला बसवाल त्यालाही तेच द्यायचं, हे आपल्याच नियमावलीत आहे. उद्या दहापर्यंत फक्त थांबा. यंत्रावर त्याचं सगळं स्थिर होतं. बायकोही "मी थांबते" म्हणाली होती.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "यादीत पहिलं नाव तुमच्या भावाचं आहे ना?"

मी रिपोर्ट उचलून बाहेर पडले. सहा वर्षं दादा आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसतो. नाव त्याचं होतं, खरं आहे. पण म्हणून जंतू काय आमच्या घरचे होते? हे मला जिना उतरल्यावर सुचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांचा राग होताच, त्याहून जास्त माझ्या बंद पडलेल्या तोंडाचा.

दुपारी किडन्या नाकारल्या. संध्याकाळी यंत्र बंद झालं. दादा म्हणाला, "जाऊ दे गं, त्या खुर्चीला करमायचं नाही माझ्याशिवाय." त्याच्या या समजूतदारपणाचाही मला राग आला.

रविवारी दहाला मी बशी बाहेर काढली. औषधाच्या चकतीभोवती जंतू मेले की स्वच्छ गोल उमटतो. पट्टी लावली. अठ्ठावीस मिलिमीटर. वीस भरले असते तरी पुरे होते. आणि औषध तेच, जे त्याला चालू होतं. फोनवर डॉक्टर म्हणाले, "फाइलला लावून टाका."

फाइलला लावलं. मग बशीला चिकटपट्टी गुंडाळली आणि खाली शवागारापाशी गेले. पोलिसांचे कागद व्हायचे होते, म्हणून रंगाऱ्याची बायको बाकावर बसून होती. मी लॅबमधली, असं सांगितल्यावर तिने खालच्या आवाजात विचारलं, "त्यांचं रक्त नासलं होतं म्हणे?"

"नाही हो ताई. औषध लागू पडलं होतं. हा गोल बघा."

तिने बशी दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे धरली.

"म्हणजे देता आल्या असत्या?"

"हो."

"मी थांबते म्हणाले होते ना," ती म्हणाली.

बशी तिने मांडीवर ठेवली. मी ती परत मागितली नाही.