चौथा गोल

चौकातला फ्लेक्स उतरवला जाताना दिसला आणि शालनच्या डोक्यात तिडीक गेली. रिक्षा पुरती थांबायच्या आत ती खाली उतरली.

"अगं, गुडघा!" मागून तिचे यजमान शंकरराव ओरडले. पण ही काही गुडघा सांभाळायची वेळ नव्हती.

सकाळी हाच फ्लेक्स लावताना केवढा थाट होता! शिवमंदिराकडे वळणाऱ्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असा. 'विजयी वीरांचे हार्दिक अभिनंदन.' मॅच दुपारी आणि अभिनंदन सकाळीच. वर हात जोडलेले गुरुदत्तभाऊ. त्यांना यंदा नगरसेवकाचं तिकीट हवं होतं, हे चौकातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाऊंचं तोंड परातीएवढं आणि खाली कॉलेजच्या फुटबॉल टीमची पोरं शर्टाच्या गुंड्यांएवढी.

अंबरनाथमध्ये त्या टीमची दखल घ्यायला आजवर कुणी आलं नव्हतं. शालनचं घर कॉलेजच्या मैदानाच्या भिंतीला लागून. फार वर्षांपूर्वी खिडकीची काच फुटली म्हणून ती मैदानात भांडायला गेली. भांडता भांडता मॅच बघत उभी राहिली, ती उभीच राहिली. टीम हरायची. पुढच्या साली नवी पोरं यायची, तीही हरायची. शेजारची बकुळा म्हणायची, "शालनबाई, हरणाऱ्यांच्या मागे कशाला उन्हात मरायला जाता?" शालन म्हणायची, "जिंकणाऱ्यांच्या मागे जायला सगळं गाव आहे की."

यंदा नवल घडलं. टीम सेमीफायनलला पोचली आणि खरोखरच सगळं गाव मागे आलं. आज उल्हासनगरला, कॅम्प चारच्या मैदानावर मॅच झाली. एकास चार गोलांनी हरली पोरं. ती बातमी फोनवरून शालनच्या रिक्षाआधी चौकात पोचली होती.

"काय चाललंय हे?" शालनने शिडीवरच्या पोराला विचारलं.

"भाऊ बोलले, काढून टाका."

भाऊ तिथेच होते, पांढऱ्या गाडीचं दार उघडून निघायच्या तयारीत.

"काकू, हरल्यावर कसलं अभिनंदन?" ते हसून म्हणाले. "उगाच लोक हसतील मला."

"तुम्हाला? खेळली पोरं, पडली पोरं, गुडघे फुटले पोरांचे, आणि हसणार तुम्हाला?"

"तसं नाही काकू. पुढच्या वर्षी बघू ना. दणक्यात करू."

"पुढच्या वर्षी कोण खेळणार? तुम्ही?"

भाऊंनी हात जोडले, अगदी फ्लेक्सवर जोडले होते तसेच, आणि गाडी निघून गेली.

शालनला पुढच्या वर्षीचीच धास्ती होती. गेल्या साली टीम हरून आली तेव्हा चौकात चिटपाखरू नव्हतं. पोरं टेम्पोतून एकेक करून उतरली आणि चोरासारखी गल्लीबोळांतून पसार झाली. त्यातली निम्मी पुन्हा मैदानावर फिरकलीच नाहीत. यंदा कशीबशी मोट बांधली गेली होती. आज हीही अशीच पांगली, तर पुढच्या साली त्या मैदानावर लग्नाचे मांडव पडतील, टीम नाही.

कडेला चंदूचं ढोलपथक सामान आवरत होतं. विजयाच्या मिरवणुकीसाठी भाऊंनीच त्यांना सुपारी दिली होती.

"चंद्या, ढोल कुठे नेतोस?"

"घरी, आजी. प्रोग्राम कॅन्सल."

"सुपारी घेतलीस ती वाजवायची का जिंकायची?"

"वाजवायची."

"मग वाजव! चौदा एप्रिलला तुझ्या ढोलावर मी या गुडघ्यानिशी नाचते, तेव्हा विचारतोस का मला, आजी, काय जिंकून आलात?"

पथकातली पोरं खी खी हसली. चंदू कानामागे खाजवत म्हणाला, "आजी, भाऊ नंतर माझ्यावर डाफरतील ना. खालीफुकट टेन्शन."

"जाऊ दे गं," शंकरराव मध्ये पडले. "त्याचा धंदा आहे. आणि हरलं ते हरलं. घरी चल, चहा टाकू."

शालन नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तरी हे बोलू नका. तुमच्या कंपनीतला संप फसला, तेव्हा गेटवरचे पुढारी कुठे गेले होते? रोज भाषणं ठोकत होते ना? तुम्ही मान खाली घालून मागच्या दाराने घरात आलात. दिवसचे दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तेव्हा गेटवर कुणी एक जण उभा असता तर?"

भर चौकात हा विषय निघेल, असं शंकररावांना वाटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग चंदूच्या जवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाले, "वाजव बाबा. भाऊंनी विचारलं तर माझं नाव सांग. म्हातारा ऐकेना म्हण."

चंदूने एकदा रस्त्याकडे बघितलं आणि ढोल कमरेला बांधला.

टेम्पो वळणावर दिसला तेव्हा ढोल-ताशाने चौक दणाणून गेला होता. दुकानांतली माणसं बाहेर आली. टेम्पो थांबला, पण आतून कुणी उतरेना. मग गोलकीपर महेंद्र उडी मारून खाली आला. त्याचा हातमोजा फाटला होता आणि डोळे लाल झाले होते. तो तडक चंदूच्या अंगावर गेला आणि त्याने त्याची टिपरी धरली.

"बंद कर! बंद कर ना! मस्करी लावली काय आमची?"

ढोल थांबला. ताशा मागाहून थांबला.

"महेंद्रा, मी वाजवायला लावलाय," शालन म्हणाली.

"तुम्ही पण, आजी? चार गोल खाल्ले मी, चार! लोक मोबाइलवर हसतायत. आणि तुम्ही वरात काढता?"

शालनला वाटलं, एवढ्या भांडणाचं हे फळ? बाकीची पोरं टेम्पोच्या मागच्या बाजूने हळूच उतरत होती. एकाने बॅग खांद्याला लावून गल्लीकडे पाय वळवलासुद्धा. ते बघितलं आणि ती कडाडली, "चार कुठले? तीन! चौथा ऑफसाइड होता, मारणारा आपल्या डिफेन्सच्या मागे आधीच जाऊन उभा होता. तो रेफ्री आंधळा आणि तुम्ही मुके. एकाने तरी तोंड उघडलं का?"

गल्लीकडे निघालेला पोरगा जागीच थांबला. "तेच बोलतोय मी मघापासून! क्लिअर ऑफसाइड होता!"

"कसला ऑफसाइड?" दुसरा म्हणाला. "तूच मागे उभा होतास. तुझ्यामुळे तो ऑनसाइड झाला."

"मी? अबे, मी तर पुढे होतो!"

"आणि दुसरा गोल," शालनने महेंद्रकडे बोट केलं, "तो तुझ्या पदरात. गोल उघडा टाकून कशाला पळालास पुढे? खिरापत वाटत होते तिकडे?"

"पुढे नसतो आलो तर त्याने आरामात मारला असता, आजी!"

"आता काय कष्टाने मारला?"

टेम्पोतून कुणीतरी फस्सकन हसलं. महेंद्र त्याच्यावर उखडला, मग बाकीचे महेंद्रवर. बघता बघता सगळी टीम रस्त्याच्या मधोमध गोळा झाली. कुणी चपला मांडून डिफेन्स दाखवला, कुणी ताशाच्या काड्या ठेवून गोलपोस्ट केला. शंकरराव पाण्याची बाटली घेऊन स्ट्रायकरच्या जागी वाकून उभे राहिले. मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. चंदू ढोल बांधूनच ऐकत होता. घरी कुणीच गेलं नव्हतं.

गर्दी जमल्याचं कळताच पांढरी गाडी परत आली. भाऊ उतरले, त्यांच्याबरोबरच्या पोराने मोबाइल वर धरला, आणि भाऊंनी घसा खाकरला, "मित्रांनो, खेळात हार-जीत तर होतच..."

"भाऊ, जरा बाजूला सरा," शालन म्हणाली. "तुमचा पाय ऑफसाइडच्या लाइनवर पडलाय."

भाऊ चटकन मागे सरले. महेंद्रने तिकडे बघितलंही नाही. तो चपलांपाशी उकिडवा बसून विचार करत होता.

"आजी, एक सांगा. तुम्ही कुठे उभ्या होता?"

"आपल्या गोलाच्या मागे. दर मॅचला असते तिथेच."

"मग तिथून ऑफसाइड दिसणारच नाही. तो बाजूने दिसतो."

"दिसणार नाही?" शालनने पदर खोचला. "अरे, तुझ्या आधीचे तीन गोलकीपर मी तिथूनच बघितले आहेत! उद्या सकाळी मैदानावर ये. सगळ्यांना घेऊन ये. दाखवते दिसतं का नाही ते."

"येतो. पण नाही दिसलं तर?"

"तर तू दुसरा गोल कसा खाल्लास, तेवढं तरी नक्की दाखवते," ती म्हणाली आणि रागारागाने शंकररावांच्या हातातली बाटली हिसकावून दोन घोट पाणी प्यायली.