पानाची डावी बाजू

माझी धाकटी बहीण फिदेलिना जानेवारीत गेली आणि तिच्या घरात पानांच्या डाव्या बाजू साठायला लागल्या.

तंबाखूचं पान मधली शीर काढून दुभागलं की त्याच्या दोन बाजू होतात. चिरुटावर डावी एकीकडून गुंडाळायची, उजवी दुसरीकडून. उलट गुंडाळली तर शिरा वर येतात आणि पेटवल्यावर चिरूट उकलतो. आमच्या ब्रेन्या आल्ता गावात ज्या घरी नवराबायको मिळून चिरूट वळतात, तिथे एकाचा हात एका बाजूवर बसतो, दुसऱ्याचा दुसरीवर. तिचा नवरा ओलेगारिओ उजवी वळायचा, फिदे डावी. लग्न झाल्यापासून त्याच टेबलाशी, समोरासमोर. तो बस चालवायचा, ती शाळेत स्वयंपाक करायची. चिरूट ही निव्वळ हौस. परसातली चार रोपं, आपल्यापुरतं ओढायचं, उरलेलं वाटायचं.

फिदेचं डोकं त्यात भन्नाट चालायचं. पाद्रीबाबांसाठी काडीसारखा बारीक चिरूट, खाटकासाठी आखूड आणि ढेरपोट्या. एकमेकांशी न बोलणारे तीन भाऊ होते, त्यांना तिने तीन चिरूट वेणीसारखे गुंफून दिले. म्हणाली, "घ्या, सोडवा आता मिळून." त्यांनी सोडवलेही, आणि त्या निमित्ताने पुन्हा भांडले.

ती गेल्यावर ओलेगारिओ रोज दुपारी आपल्या खुर्चीत बसायचा, उजव्या बाजू वळायचा आणि डाव्या तिच्या चिरूट वळायच्या पाटावर सरकवून ठेवायचा. त्या वाळायच्या, तडकायच्या, काहींना बुरशी यायची. रडला नाही. दफनाच्या दिवशीही नाही. अख्खं गाव त्यावर कुजबुजलं. माझ्याबद्दल कोणी कुजबुजलं नाही, कारण मी त्या दिवशी सगळ्यांना कॉफी देत होते आणि कप विसळत होते. कामात असलेल्या बाईचे डोळे कोरडे असले तरी चालतात.

मे महिन्यात त्यांची मुलगी याइसा माझ्याकडे आली. जूनमध्ये तिचं लग्न होतं.

"मावशी, जोड्यांचं काय करायचं?"

आमच्याकडे लग्नघरातून प्रत्येक जोडप्याला दोन चिरूट देतात, एकाच पानाच्या दोन बाजूंचे, सुतळीने एकत्र बांधलेले. वेगवेगळ्या पानांचे बांधले तर म्हाताऱ्या लगेच ओळखतात आणि मग नवऱ्यामुलीच्या संसाराबद्दल नाही नाही ते बोलतात.

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं ना. म्हणाले, आई बघेल." ती नखं कुरतडत होती. "तोंडातून निघून गेलं असेल ना गं?"

"असेल," मी म्हटलं.

डावी बाजू मलाही येते. आमच्या वडिलांनी आम्हा दोघींना डावीच शिकवली, कारण उजवी त्यांची स्वतःची. म्हणून मी जायला लागले. दुपारी जायचं, फिदेच्या खुर्चीत बसायचं, तिचा पाट पुढे ओढायचा. तिचा एप्रन खुर्चीच्या पाठीवरच होता. त्याला अजून तिचा वास होता. मी तो छातीशी धरला, रडू यायची वाट पाहिली आणि परत टांगला. जीभ भाजल्यावर चव जाते ना, तसं काहीतरी झालं होतं मला.

ओलेगारिओ मान वर करायचा नाही.

"आत भरायचा चुरा कमी पडतोय," मी म्हणायचे.

"घे." वाडगा सरकायचा.

मध्येच उठून कॉफी करायचा आणि माझ्यापुढे ठेवायचा, साखर घातलेली. मी जन्मात साखर घेतली नाही. पहिल्या दिवशी सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोड कॉफी. प्यायले. कोण वाद घालत बसणार?

बेकरीत माझ्या समोरच्या घरातल्या सिप्रियानाने गाठलंच. "काय उर्सुला, दुसरं लग्नही जूनमध्येच उरकताय का?"

"तुझ्या लेकीचं पहिलं होऊ दे आधी," मी म्हटलं. "मग माझं बघू."

लग्न छान झालं. जोड्या वाटल्या गेल्या. म्हाताऱ्यांनी उजेडात धरून शिरा ताडून पाहिल्या आणि माना डोलावल्या. "फिदेचाच हात!" जो तो म्हणत होता आणि ओलेगारिओ हसून हो म्हणत होता. मी तिथेच उभी होते, हातात बशी घेऊन. राग यायला हवा होता. मी शोधला, सापडला नाही.

सोमवारी सकाळी तो माझ्या दारात आला. हातात ओल्या फडक्याचं गाठोडं.

"या डाव्या. दुपारी येताना घेऊन ये. ओल्या ठेव."

"लग्न झालं ओलेगारिओ. मी आता येणार नाही."

"का?"

"का म्हणजे? पोरीसाठी केलं, संपलं. डावी वळायला तू शीक, नाहीतर फेकून दे."

"डावी फिदेची आहे."

"आणि इतके दिवस समोर कोण बसलं होतं? एकदा तरी मान वर करून पाहिलंस?"

"नाही," तो म्हणाला. "मुद्दाम नाही पाहिलं."

मी गाठोडं त्याच्या हातातून घेतलं.

"समोरून वळलेले चिरूट येत होते," तो म्हणाला. "डावे. हात खाली, मान खाली, बरं चाललं होतं. वर पाहिलं असतं तर तू दिसली असतीस."

"मीच होते तिथे."

"आता येणारच नाहीस?"

"नाही."

"मग गेलीच की गं ती," तो म्हणाला आणि माझ्या पायरीवर मटकन बसला.

रडला. तोंड उघडं टाकून, नाक न पुसता, भर रस्त्यावर. समोरची खिडकी करकरली.

"बंद कर ती खिडकी, सिप्रियाना!" मी ओरडले.

गाठोडं माझ्या हातात होतं, त्याचं पाणी माझ्या चपलांवर टपकत होतं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. मला त्याचा हेवा वाटला. इतका, की त्याला पायरीवरून ढकलून द्यावंसं वाटलं.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीला नाक पुसलं. "तू रडलीस का गं उर्सुला?"

"कधी रडणार?" मी म्हटलं. "जानेवारीत कॉफी देत होते. मेमध्ये तिच्या खुर्चीत बसले, तुझ्यासाठी फिदे झाले. तिची बहीण मी कधी व्हायचं होतं?"

तो सरकला फक्त, आणि पायरीवर माझ्यासाठी जागा केली.