शिक्षेचा तंबू

पोहण्याचा रबरी पोशाख चढवला की पाठीवरची चेन वर ओढायला एक लांब दोरी असते. ती एकट्यादुकट्या माणसासाठीच केलेली असावी, कारण ज्यांच्याबरोबर कोणी आलेलं असतं ते नुसते पाठ करून उभे राहतात. त्या सकाळी तलावाच्या काठावर नवरे बायकांच्या चेनी लावत होते, मुली बापांच्या मानेला व्हॅसलीन चोळत होत्या आणि मी ती दोरी पकडायला स्वतःभोवतीच गिरक्या घेत होते. या वयात हे कशाला, असं आमच्या लॅबचे मालक मला दर सोमवारी विचारतात. मी सांगते, हौस. ते खरं नाही.

खरं कारण दोन रांगा पलीकडे, माझ्याकडे पाठ करून उभं होतं. माझा थोरला भाऊ. दादा ही शर्यत कधी चुकवत नाही. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, असा अख्खा दिवस. मी नाव घातलं ते त्याच्याशी बोलायला मिळावं म्हणून. वर्षभर त्याने माझा फोन उचलला नव्हता. घरी गेलं तर दार वहिनी उघडायची आणि "ते झोपलेत" म्हणायची, मग दुपार असो की संध्याकाळ. एवढा झोपणारा माणूस शर्यतीत कसा पळतो, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर यायचं. पण वहिनीचा काय दोष, म्हणून मी जिना उतरायचे.

आमचं बिनसलं ते आईवरून. बाबा गेल्यापासून आई दादाकडे होती. तिला काही आठवेनासं झालं होतं, कधी त्याला ओळखायची, कधी नाही. गेल्या वर्षी एक दिवस त्याने मला न विचारता, न सांगता तिला वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, तिथल्या नर्सच्या फोनवरून. आईची कवळी सैल झाली होती आणि "माझी मुलगी दात बनवते, तिला बोलवा" असं तिने नर्सला सांगितलं होतं. एवढं मात्र बरोबर आठवलं तिला. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच दादाकडे गेले आणि दारातच म्हटलं, "तुला आई जड झाली."

 तो म्हणाला, "मग तू ने."

माझी तिसऱ्या मजल्यावर एक खोली, लिफ्ट नाही, आणि दिवसभर मी कामावर. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की माझी जीभ जास्तच चालते. त्याने दार लावून घेतलं ते आजवर. तेव्हापासून बुधवारी आईकडे मी जाते आणि रविवारी तो जातो. हे कोणी ठरवलं नाही, पण दोघंही डोळ्यांत तेल घालून पाळतो.

या खेळाचं वेड मला दादानेच लावलं होतं. त्याने मला पोहायला शिकवलं, माझी पहिली सायकल त्यानेच जोडून दिली. गावाबाहेरच्या उघड्या रस्त्यावर समोरून वारा आला की तो पुढे व्हायचा आणि ओरडायचा, "बारके, माझ्या मागे राहा. वारा मी घेतो." मी आता बारकी राहिलेली नाही, हे कोणीही सांगेल. पण त्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवताना पायांना जे हलकं वाटायचं, ते पुन्हा कधी वाटलं नाही.

वर्षभर मी एकटीने सराव केला. तरणतलावात ज्याचा त्याचा पट्टा ठरलेला असतो, आणि डोकं पाण्यात असल्यावर कोणी कोणाशी बोलत नाही. एक म्हातारे गृहस्थ तेवढे मान हलवायचे. ते यायचे बंद झाले तेव्हा कोणाला विचारावं हेही मला कळेना, कारण त्यांचं नाव माहीत नव्हतं. दिवसभर लॅबमध्ये मेण, प्लास्टर आणि टेबलावर ओळीने मांडलेले जबडे. इतकी तोंडं समोर, पण बोलणारं एकही नाही. संध्याकाळी खोलीत सायकल स्टँडवर चढवून मी भिंतीकडे बघत पाय मारायचे. आवाज झाला की खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकायचे. पहिल्यांदा राग यायचा. मग मी त्या ठोकण्याची वाट बघायला लागले. निदान मी घरी आहे हे कोणाला तरी कळत होतं.

शर्यतीत पाण्यातून मी दादाच्या आधी बाहेर आले. पोहण्यात मी त्याला कधीच मागे टाकलं आहे, आणि ते त्याने कधीच मान्य केलेलं नाही. ओल्या अंगावर हेल्मेट चढवून सायकल काढली आणि शहर मागे टाकून मोकळ्या रस्त्याला लागले. तिथे समोरून वारा. माझा वेग जो पडला तो पडलाच. सायकलचा टप्पा संपतो तिथे एक चौकी असते. ती बंद व्हायच्या आत पोचलं नाही तर शर्यतीतून बाहेर काढतात, आणि माझं ते काम काठावरचं होतं. एकेक जण मला ओलांडून पुढे जात होता. मग उजवीकडून दादा आला.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हेल्मेट, काळा गॉगल, खाली घातलेली मान. शेजारून गेला आणि माझ्या पुढे झाला. आता नियम असा, की कोणी ओलांडलं की आपण मागे सरायचं आणि मध्ये ठरलेलं अंतर ठेवायचं. पुढच्याच्या आडोशाला चालवणं ही फसवणूक. प्रत्येकाने आपापला वारा आपणच घ्यायचा, म्हणूनच तर हा खेळ. हे मला पाठ आहे. पण दादाची पाठ समोर आली आणि माझे पाय मला न विचारता त्याच्या चाकाला जाऊन चिकटले. वारा एकदम थांबला.

त्याने मनात आणलं असतं तर मला मागे टाकून तो सहज निघून गेला असता. तो गेला नाही. माझ्या पायांना झेपेल तेवढ्याच वेगाने तो चालवत राहिला. मागे कोण आहे हे त्याला माहीत आहे का, तेवढंच मला कळेना. हाक मारावी असं वाटलं. वर्षभर जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना. मी नुसती त्याच्या पाठीकडे बघत पाय मारत राहिले आणि मला इतकं बरं वाटत होतं की रडू येत होतं.

मागून मोटरसायकलचा आवाज आला. मागे बसलेल्या पंचाने माझ्यापुढे निळं कार्ड धरलं आणि नंबर सांगितला. म्हणजे पुढच्या तंबूत थांबून काही मिनिटं शिक्षा भोगायची. मी मान हलवली. चूक होतीच.

आणि दादा ओरडला. "तिला कशाला देता? मला द्या! मीच घेतलं तिला मागे!"

"मागच्याला कार्ड असतं," पंच शांतपणे म्हणाला. "तुमचा काही संबंध नाही."

"संबंध नाही? बहीण आहे ती माझी!"

"असेल. नियम सगळ्यांना सारखा."

यावर दादा जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या घराण्यात जीभ सगळ्यांचीच सारखी आहे. पंचाने उलट बोलल्याबद्दल त्यालाही कार्ड दाखवलं, आणि मोटरसायकल पुढे निघून गेली.

तंबू म्हणजे चार खांब आणि वर ताडपत्री. खाली रंगाने आखलेली एक रेघ. सायकल धरून त्या रेघेवर उभं राहायचं, बसायचं नाही, खायचं नाही. गळ्यात घड्याळ अडकवलेले एक वयस्कर पंच होते. पंचाशी भांडताना दादा मागे पडला होता, म्हणून मी आधी पोचले, माझी वेळ आधी सुरू झाली. मग दादा येऊन शेजारी उभा राहिला. समोरून सायकली जात होत्या आणि आम्ही दोघं वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे उभे होतो.

"मागे मी आहे हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुझी साखळी करकरते," तो समोर बघत म्हणाला. "वर्षभर तेल दाखवलेलं नाहीस तिला."

"तेल घालणारा बोलत नव्हता ना माझ्याशी."

तो समोरून जाणाऱ्या सायकली बघत राहिला. मला वाटलं, संपलं. आता दोघांची वेळ भरणार, तो पुढे निघून जाणार आणि मी पुन्हा त्या खोलीत भिंतीकडे बघत पाय मारणार. मग लाजलज्जा सोडून मी म्हटलं, "मला एकटीला नाही जमत रे, दादा. भांडायला तरी तू हवास."

त्याने हँडल घट्ट धरलं. "तू म्हणालीस ते खरं होतं," तो म्हणाला.

"काय म्हणाले मी?"

"आई जड झाली म्हणालीस ना. झाली होती." तो इतक्या हळू बोलत होता की मला पुढे वाकावं लागलं. "त्या सकाळी तिला अंघोळ घालत होतो. तिने मला ओळखलं नाही. चोर चोर म्हणून ओरडायला लागली, हाताला चावली. आणि मी हात उगारला."

मी झटकन त्याच्याकडे वळले.

"मारलं नाही, बारके. आईशप्पथ मारलं नाही. पण हात वर गेला होता. तिने डोकं झाकून घेतलं आणि अंग चोरून कोपऱ्यात बसली. मग मी तिला कपडे घातले, गाडीत बसवलं आणि तिकडे नेलं. मला माझाच भरवसा राहिला नाही."

"वहिनीला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. तुला काय सांगणार होतो? तू तर दारातच बरोबर ओळखलंस." त्याने नाक ओढलं. "रविवारी जातो, पण लांब खुर्ची घेऊन बसतो. तिला हात लावत नाही. नर्स म्हणते, जवळ बसा ना. मी म्हणतो, इथेच बरं आहे."

 वर्षभर मी या माणसाला दगड म्हणत होते. आणि तो दर रविवारी आईपासून लांब, आपले हात सांभाळत बसत होता, हे सांगायलाही त्याला कोणी नव्हतं.

"बाई, तुमची वेळ झाली," पंच घड्याळ बघत म्हणाले. "निघा तुम्ही."

"जा," दादा म्हणाला. "माझी अजून बाकी आहे. तू जा."

"कोणता हात?" मी विचारलं.

"काय?"

"कोणता हात उगारला होतास?"

त्याने उजवा हात हँडलवरून जरासा उचलला आणि लगेच मागे घ्यायला गेला. तेवढ्यात मी तो धरला. त्याने सोडवून घ्यायला झटका दिला, मी सोडला नाही. घामाने आणि धुळीने तो चिकट झाला होता.

"बाई, उशीर होतोय तुम्हाला," पंच पुन्हा म्हणाले.

"वेडी आहेस का?" दादाचा आवाज फुटला. "चौकी बंद होईल. बाहेर काढतील तुला."

"काढू देत," मी म्हटलं आणि सायकल खांबाला टेकवली.